लष्करी कमांडरवर युद्धगुन्ह्याचा खटला: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याचे विद्यार्थी, मालवाहू जहाजांवरचे खलाशी, आखातातून परतलेली कुटुंबे आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले गोंयकार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे उत्तर "नाही" आहे, तिथे ते तसेच दिले आहे.

नागरिक मारले गेले, म्हणजे युद्धगुन्हा झालाच ना?

झालाच असे नाही. बहुतेक तक्रारी इथेच अडतात. हल्ल्याचे लक्ष्य लष्करी होते का, नागरिकांची हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने उघडपणे अतिरेकी होती का, आणि हानी टाळण्याची शक्य ती खबरदारी घेतली होती का, हे कायदा बघतो. नागरिकांवरच नेम धरला असेल तर पुढची मोजमापे करायची गरजच उरत नाही.

त्यामुळे पडलेल्या घराचा नुसता फोटो फार काही सांगत नाही. त्या दिवशी घरात कोण राहत होते, शेजारी तोफ, शस्त्रसाठा किंवा सैनिकांचा तळ होता का, आणि हल्ला करणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होते, हेही लागते. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. कमांडरचा निर्णय त्याच्यासमोर त्या वेळी असलेल्या माहितीवर तोलला जातो, नंतर उघड झालेल्या माहितीवर नाही.

मग पत्रादेवीचा गोळीबार युद्धगुन्हा होता का?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. आज पेडणे तालुक्यात तिथे स्मारक आहे. तरीही कायद्याच्या भाषेत याला युद्धगुन्हा म्हणता येत नाही. युद्धगुन्ह्यासाठी आधी सशस्त्र संघर्ष चालू असावा लागतो. तिथे एका बाजूला बंदुका होत्या आणि दुसऱ्या बाजूला तिरंगा. तो गुन्हा नव्हता असा याचा अर्थ नाही. तो खुनाचा गुन्हा होता आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा युक्तिवादही करता येतो, कारण त्याला युद्धाची अट लागत नाही. पण तो ऐकायला त्या काळी न्यायालय नव्हते, आणि नेदरलँड्समधल्या हेग शहरातले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १ जुलै २००२ च्या आधीच्या घटना घेत नाही.

डिसेंबर १९६१ ची गोष्ट वेगळी. भारत १९५० पासून आणि पोर्तुगाल मार्च १९६१ पासून जिनिव्हा करारांना, म्हणजे युद्धातल्या वागणुकीच्या नियमांना, बांधील होता. त्यामुळे १८ आणि १९ डिसेंबरची कारवाई आणि त्यानंतर तीन हजारांवर पोर्तुगीज युद्धकैद्यांची छावण्यांतली व्यवस्था, दोन्ही त्या करारांखाली येत होते.

कमांडरने स्वतः गोळी झाडली नाही. मग त्याच्यावर खटला कसा?

दोन वाटा आहेत. पहिली थेट: त्याने हुकूम दिला, योजना आखली, चिथावले किंवा मदत केली. दुसरी "कमांडरची जबाबदारी": त्याने काही केले नाही, म्हणूनच तो दोषी. दुसऱ्या वाटेने जायचे तर युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायाधिकरणाने १९९८ च्या चेलेबिची (बोस्नियातली एक छावणी) निकालात घालून दिलेली तीन अंगे सिद्ध करावी लागतात:

१. गुन्हा करणारे त्याच्या हाताखाली होते आणि त्यांच्यावर त्याचा प्रत्यक्ष ताबा होता. खांद्यावरचे तारे मोजून भागत नाही. त्याच्या शब्दाने माणसे थांबत होती का, हे दाखवावे लागते.

२. त्याला माहीत होते, किंवा गुन्ह्याची चाहूल देणारी माहिती त्याच्या हाती होती. रोम करारात ही कसोटी "माहीत असायला हवे होते" अशी आहे.

३. हातात असलेले आवश्यक आणि वाजवी उपाय त्याने केले नाहीत. म्हणजे गुन्हा रोखला नाही, किंवा झाल्यावर शिक्षा दिली नाही आणि चौकशीसाठी वरही पाठवला नाही.

हेगचे न्यायालय ज्या करारावर उभे आहे, त्या रोम कराराचे कलम २८ याच्याही पुढे जाते. कमांडरने नीट ताबा ठेवला नाही म्हणून गुन्हा घडला, हा संबंधही तिथे दाखवावा लागतो. मंत्र्यासारख्या बिनलष्करी वरिष्ठासाठी कसोटी आणखी कडक आहे: स्पष्ट माहिती समोर असताना त्याने जाणूनबुजून काणाडोळा केला पाहिजे.

वकील शक्य असेल तिथे पहिली वाट धरतात, आणि ते बरोबरच आहे. काँगोतल्या बंडखोरांचा कमांडर बोस्को एन्तागांडा याला २०१९ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली, ती गुन्ह्यातल्या त्याच्या स्वतःच्या सहभागासाठी.

"माहीत असायला हवे होते" ही रेषा कुठे आखायची?

ऐंशी वर्षे याच प्रश्नावर भांडण चालू आहे. मनिलात जपानी सैनिकांनी नागरिकांची कत्तल केली. त्यासाठी जनरल यामाशितावर १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी आयोगापुढे खटला चालला. संपर्क तुटला होता, मला कळलेच नाही, हा त्याचा बचाव टिकला नाही आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो फासावर गेला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाला तीव्र विरोध नोंदवला होता, आणि तो आजही वाचण्यासारखा आहे.

पंचवीस वर्षांनी त्याच अमेरिकेने माप बदलले. व्हिएतनाममधल्या माय लाई गावात १६ मार्च १९६८ रोजी शेकडो गावकरी मारले गेले. कॅप्टन मेडिनाच्या खटल्यात ज्युरीला सांगितले गेले की त्याला प्रत्यक्ष माहिती असली पाहिजे. तो १९७१ मध्ये सुटला. शत्रूच्या जनरलला एक गज आणि आपल्या कॅप्टनला दुसरा, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे.

तिसरे उदाहरण हेगच्या न्यायालयातले, काँगोतल्या सशस्त्र गटाचा नेता बेंबा याचे. त्याचे सैनिक मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात होते, तो स्वतः शेजारच्या काँगोत. २०१६ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली आणि जून २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला. दूर बसलेल्या कमांडरला दुसऱ्या देशात चौकशी करताना येणाऱ्या अडचणी खालच्या न्यायालयाने नीट तोलल्या नाहीत, असे बहुमताने म्हटले. शिवाय आरोपपत्राच्या कक्षेबाहेरची कृत्ये शिक्षेत धरली गेली होती. ५,२०० हून अधिक पीडित या खटल्यात सहभागी होते.

"मला वरून हुकूम होता" हा बचाव चालतो का?

सहसा नाही. हुकूम पाळण्याचे कायदेशीर बंधन होते, तो बेकायदा आहे हे माहीत नव्हते आणि तो उघडउघड बेकायदा नव्हता, हे तिन्ही जमले तरच. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा हुकूम नेहमीच उघड बेकायदा मानला जातो.

पुराव्यात सगळ्यात जास्त काय कमी पडते?

जोडणारा पुरावा. गुन्हा घडला याचा पुरावा डोंगराएवढा असतो: मृतदेह, जखमी, फोटो, साक्षीदार. त्या गल्लीतून कमांडरच्या टेबलापर्यंत जाणारा धागा मात्र कच्चा असतो. संस्था वर्षानुवर्षे पहिल्या प्रकारचाच पुरावा गोळा करत राहतात, आणि खटला दुसऱ्याअभावी पडतो.

हा धागा अनेकदा कंटाळवाण्या कागदांत सापडतो. त्या आठवड्यात कोणती तुकडी कुठे होती याचा तक्ता, रोजचे अहवाल, वायरलेसची नोंदवही, दारूगोळा आणि डिझेल कोणाच्या सहीने सुटले, रजेचे अर्ज, बढतीचे आदेश. सैनिकाला दारू पिऊन गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षा झाल्याची नोंदसुद्धा मोलाची. शिस्तीची यंत्रणा चालू होती आणि कमांडर ती वापरू शकत होता, हे त्यावरून दिसते. मग गावातल्या खुनांसाठी ती का वापरली नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सूचना. कमांडरला कोणी, कधी, काय कळवले? गावच्या पंचांचे पत्र, धर्मगुरूचा अर्ज, वार्ताहराने तोंडावर विचारलेला प्रश्न, आणि त्याची पोच. तारखेचा शिक्का असलेली पोचपावती कधी कधी दहा साक्षीदारांना भारी पडते, कारण त्या तारखेनंतर "मला कळले नाही" म्हणता येत नाही. कमांडरने स्वतः दिलेल्या मुलाखतीही जपाव्यात. "माझ्या परवानगीशिवाय इथे पान हलत नाही" अशी बढाई न्यायालयात ताब्याचा पुरावा ठरते.

एक इशारा. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने कमांडरला काय सांगितले हे तिच्याकडून मिळणार नाही. तिला साक्ष न देण्याची मुभा आहे. ती नसती तर तिला तुरुंगांत आणि छावण्यांत शिरू दिले गेले नसते.

तोफगोळ्यांच्या खड्ड्यांवरून हेतू सिद्ध होतो का?

मदत होते, पण नुसत्या अंतराच्या गणितावर विसंबू नये. क्रोएशियाचा जनरल गोतोविना याला ऑगस्ट १९९५ च्या क्निन शहरावरील माऱ्यासाठी २०११ मध्ये २४ वर्षांची शिक्षा झाली. खालच्या न्यायालयाने लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरपर्यंतचा गोळा चूक म्हणून सोडून दिला आणि त्यापलीकडचा बेछूट धरला. हे २०० मीटर आले कुठून याला पुराव्यात आधार नाही, असे अपिलात ठरले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला. तोफेचा प्रकार, वारा, पल्ला, निरीक्षक होता की नाही, फिरते लक्ष्य होते का, या सगळ्यावर चुकीचे अंतर अवलंबून असते. तोफखान्याचा जाणकार साक्षीदार सुरुवातीलाच नेमावा, शेवटी नव्हे.

फोनमध्ये व्हिडिओ आहे. आता काय करावे?

पहिली गोष्ट: तो कोणाला फॉरवर्ड करू नये. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फाइल दाबली जाते आणि वेळ, जागा, कॅमेरा ही आतली माहिती गळून पडते. पाठवणे भाग असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा. कापू नये, नाव बदलू नये, वर मजकूर किंवा बाण टाकू नये. मूळ फोन शक्यतो विकू किंवा रिसेट करू नये.

फाइलचा हॅश काढून ठेवावा. एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अक्षरांची ओळ मिळते आणि फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोज संगणकात सर्टयुटिल आदेशाने हे फुकट होते. त्या ओळीसोबत तारीख, वेळ, फाइल कोणाकडून आली आणि कोणत्या यंत्रावर ठेवली, हे साध्या वहीत लिहावे. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. भारतीय न्यायालयात हाच व्हिडिओ वापरायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि त्यातही हॅश मागतात.

समाजमाध्यमावर दिसलेल्या व्हिडिओचा दुवा, खाते आणि तारखेसह लगेच जतन करावा. कंपन्या हिंसक मजकूर काढून टाकतात आणि पुरावाही सोबत जातो. लिबियातला कमांडर अल-वेर्फाली याच्याविरुद्ध ऑगस्ट २०१७ चे अटक वॉरंट मोठ्या प्रमाणात अशाच व्हिडिओंवर उभे होते. तो न्यायालयापुढे येण्याआधीच २०२१ मध्ये मारला गेला, हा भाग वेगळा.

न फुटलेल्या गोळ्याला हात लावू नये. लांबून फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा पेन, आणि दिसत असेल तर लॉट क्रमांक, एवढे पुरे.

साक्षीदारांच्या बाबतीत काय चुकते?

एकाच माणसाची जबानी पाच संस्था पाच वेळा घेतात. प्रत्येक वेळी तपशील थोडा सरकतो आणि बचावपक्षाला उलटतपासणीचे आयते साहित्य मिळते. सिएरा लिओनचा बंडखोर कमांडर मासाक्वा याच्यावर लायबेरियातल्या गुन्ह्यांसाठी फिनलंडमध्ये खटला चालला. न्यायालय स्वतः लायबेरियात जाऊन बसले. पण घटना नेमक्या कोणत्या साली घडल्या याबद्दल साक्षी जुळेनात, आणि २०२२ मध्ये तो सुटला. उलट लायबेरियाचाच कमांडर कोसिया याला स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली २० वर्षांची शिक्षा झाली, तीही प्रामुख्याने साक्षीदारांच्या तोंडी पुराव्यावर.

म्हणून पहिल्या भेटीत फक्त कोण, कुठे, कधी, आणि पुन्हा संपर्क कसा साधायचा, एवढेच लिहावे. तारीख आठवत नसेल तर सुचवू नये. पेरणी झाली होती का, सण कोणता होता, शाळा चालू होती का, असे विचारावे. साक्षीदारांना एकत्र बसवून बोलते करू नये. पैसे देऊ नयेत, बसभाडे दिले तरी त्याची नोंद ठेवावी.

खटला हेगलाच चालतो का?

बहुतेक वेळा नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हा शेवटचा पर्याय आहे. संबंधित देश स्वतः खरोखर खटला चालवत असेल तर ते हात घालत नाही. अधिकारासाठी गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो. नाहीतर त्या देशाने अधिकार मान्य करावा लागतो किंवा सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवावे लागते. भारत सदस्य नाही. १९९८ मध्ये रोममध्ये या न्यायालयाच्या करारावर १२० देशांनी बाजूने आणि ७ देशांनी विरोधात मत दिले. तटस्थ राहिलेल्या २१ देशांत आपण होतो.

त्याच शहरातले आंतरराष्ट्रीय न्यायालय वेगळे. तिथे देशांचे तंटे जातात, माणसांना शिक्षा होत नाही.

माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्याचा उपयोग होईल?

हेगसाठी नाही. पोर्तुगाल २००२ पासून सदस्य आहे, पण तिथे बघतात ते आरोपीचे नागरिकत्व, पीडिताचे नव्हे. आरोपी कमांडर पोर्तुगालमध्ये किंवा युरोपातल्या दुसऱ्या देशात राहायला आला असेल तर मात्र तिथल्या पोलिसांकडे जाता येते. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांच्याकडे अशा गुन्ह्यांसाठी वेगळी पथकेच आहेत.

जहाजावर हल्ला झाला तर?

इथे गोव्याच्या खलाशांना उपयोगी अशी एक तरतूद आहे. जहाज ज्या देशात नोंदलेले, तो देश सदस्य असेल तर जहाजावरचा गुन्हा त्याच्या भूमीवर घडल्यासारखा मानतात. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे हे तिन्ही मोठे झेंडे सदस्य आहेत. गाझाकडे मदत नेताना इस्रायली सैन्याने छापा टाकलेल्या मावी मारमारा जहाजाचे २०१० चे प्रकरण हेगला गेले ते अशाच कारणाने, कोमोरोस या चिमुकल्या देशाचा झेंडा होता म्हणून.

मालवाहू जहाज साधारणपणे नागरी मालमत्ता असते. हल्ल्यानंतर व्हीडीआर यंत्रातली (जहाजाच्या "ब्लॅक बॉक्स"मधली) नोंद जपण्याचे बटण दाबले का, हे कॅप्टनला विचारावे. जुन्या यंत्रात १२ तासांनी नवी नोंद जुन्यावर चढते. लॉगबुकाच्या पानाचा फोटो घ्यावा.

भारतात असा खटला चालू शकतो का?

कायदा आहे: जिनिव्हा करार अधिनियम १९६०. करारांचा गंभीर भंग कोणीही, भारतात किंवा बाहेर, केला तरी तो लागू होतो. संरक्षित व्यक्तीचा (जखमी सैनिक, युद्धकैदी, शत्रूच्या ताब्यातले नागरिक) हेतुपुरस्सर खून असेल तर फाशी किंवा जन्मठेप, इतर भंगांसाठी १४ वर्षांपर्यंत कैद. अडचण कलम १७ मध्ये आहे. सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. पणजीच्या पोलीस ठाण्यात जाऊन या कायद्याखाली एफआयआर होत नाही ती म्हणून.

या कायद्याचा गाजलेला निकाल गोव्याचाच आहे. मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलेले फादर मोंतेरो परवान्याची मुदत संपूनही गोव्यात राहिले आणि त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. गोवा हा व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला, प्रदेश आहे, त्यामुळे चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण मला मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: गोवा भारतात विलीन झाल्यावर तो लष्करी ताबा संपला, आणि हा अधिनियम खासगी व्यक्तीला करार बजावून घेण्यासाठी वेगळा हक्क देत नाही. आजही सरकारी वकील याच निकालाकडे बोट दाखवतात.

भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्याचा प्रश्न असेल तर आर्मी ॲक्टचे कलम ७० आधी पाहावे. नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार ही प्रकरणे कोर्ट मार्शलकडे जात नाहीत, पण सक्रिय सेवा, भारताबाहेरची जागा आणि अधिसूचित सीमाचौकी हे अपवाद आहेत. कमांडरच्या जबाबदारीचा वेगळा गुन्हा आपल्या न्यायसंहितेत नाही. चिथावणी, साहाय्य आणि समान उद्देश यांतूनच वाट काढावी लागते, आणि निव्वळ निष्क्रियता त्यात सहज बसत नाही.

किती वर्षे लागतात?

बोस्नियातल्या सर्बांचा जनरल म्लादिच याच्यावर आरोपपत्र १९९५ मध्ये, अटक २०११ मध्ये, जन्मठेप २०१७ मध्ये आणि अंतिम निकाल २०२१ मध्ये. हेगच्या न्यायालयाकडे पोलीस नाहीत आणि आरोपी हजर नसताना खटला चालत नाही. पुराव्याची पायरीही चढत जाते: वॉरंटला रास्त कारण पुरते, आरोपनिश्चितीला ठोस आधार लागतो, शिक्षेला वाजवी शंकेपलीकडची खात्री.

राजकारणाने खटला सुरू होण्याआधीच संपतो, हेही घडते. १९७१ नंतर बांगलादेशला १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचे होते. एप्रिल १९७४ च्या दिल्लीतल्या त्रिपक्षीय करारानंतर ते सगळे मायदेशी गेले.

नुकसानभरपाई मिळते का?

शिक्षा झाली तरच, आणि तीही सामूहिक स्वरूपात जास्त. एन्तागांडा प्रकरणात २०२१ मध्ये तीन कोटी डॉलर ठरवले गेले. तो निर्धन असल्याने भार पीडितांच्या विश्वस्त निधीवर आला. कुवेतमधून १९९० मध्ये परतलेल्यांना मिळालेले पैसे याच्याशी जोडू नयेत. ते संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून दिले, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. त्यासाठी कोणा कमांडरला दोषी ठरवावे लागले नव्हते.

गोव्यात बसून माहिती कुठे पाठवायची?

हेगच्या अभियोक्ता कार्यालयाचा ऑनलाइन दुवा कोणालाही खुला आहे. वकील नको, शुल्क नाही. सीरिया आणि म्यानमारसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वेगळ्या यंत्रणा पुरावे जपतात आणि खटला चालवणाऱ्या देशांना देतात. आधी एक पानी पत्र पाठवावे: ठिकाण, तारीख, तुकडीचे नाव किंवा बिल्ला, आपल्याकडे काय आहे. मूळ फाइल मागितल्यावरच द्यावी.

नोटरीकडून सविस्तर शपथपत्र करून सोबत जोडू का?

जोडू नये. नोटरीच्या शिक्क्याने साक्षीचे वजन वाढत नाही. मराठीत किंवा कोंकणीत सांगितलेले टायपिस्टने इंग्रजीत उतरवले की शब्द बदलतात, आणि तीन वर्षांनी बचावपक्षाचा वकील त्याच कागदावर बोट ठेवून विचारतो, तेव्हा "चार सैनिक" लिहिले होते, आज "सहा" कसे झाले?